दोन खेळाडू, एक वेताळ

ह्या खेळाला मराठीत नाव नाही. इंग्रजीत 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात, आणि त्यातला सगळ्यांत जुना नावाजलेला म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. नाव ऐकून लोकांना वाटतं, हा कॉम्प्युटरवरच्या मारामारीचा काहीतरी प्रकार असणार. तसं नाही. ह्यात पडदा नाही, आणि खरं म्हणजे पटही लागत नाही. चार-पाच माणसं एका जागी बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही एका पडक्या देवळापाशी उभे आहात. तिन्हीसांजा झाल्यात. आतून कुणीतरी कण्हतंय. काय करता?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपलं पात्र आता काय करील ते त्यांनी सांगायचं. कुणी म्हणतो आत जातो, कुणी म्हणतो आधी खिडकीतून बघतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. मग सूत्रधार पुढचं सांगतो. जिंकणं-हरणं नाही, आणि संपणंही नाही. एकच गोष्ट वर्षानुवर्षं खेळणाऱ्या टोळ्या आहेत.

गॅरी गायगॅक्स हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावचा, डेव्ह आर्नेसन शेजारच्या मिनेसोटाचा. ह्या दोघांचा हा खेळ १९७४ साली छापून निघाला, पहिल्या खेपेला हजार प्रती. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणारे. अख्ख्या सैन्याऐवजी एकाच माणसाचं सोंग घेतलं तर काय होईल, ह्या विचारातून हे निघालं.

आपल्या पेडण्याकडच्या वाचकांना ह्यात नवल वाटायचं कारण नाही. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, राजा कोण, राक्षस कोण, एवढं आधी ठरतं, आणि मग रात्रभर संवाद जाग्यावर. समोरच्याने शब्द टाकला की आपण उचलायचा. फरक इतकाच की दशावताराला समोर माणसं बसलेली लागतात. ह्या खेळात खेळणारे तेच बघणारे.

मला हा खेळ माझ्या भाच्यानं शिकवला.

बहीण उज्जैनला दिलेली. तिच्या सासरची माणसं शिंद्यांच्या काळापासून तिकडे आहेत. घरात मराठी बोलतात, पण तिला हिंदीचा असा काही वळसा आहे की पहिले दोन दिवस आपण गोंधळतो. गोव्याहून तिकडे गेलो की मला परकं वाटत नाही, ह्याला कारणं आहेत. महाकाळाच्या देवळाचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीतला माणूस. आणि हरसिद्धीच्या देवळासमोर दोन उंचच्या उंच दीपमाळा आहेत, त्या बघून मंगेशीचा दीपस्तंभ आठवला नाही असा गोंयकार मला दाखवा. तिथून खाली उतरलं की रामघाट. क्षिप्रेचा सगळ्यांत गजबजलेला घाट. सिंहस्थाचं स्नान इथे. बारा वर्षांनी एकदा इथे पाय ठेवायला जागा नसते. मागचा सिंहस्थ २०१६ चा, पुढचा २०२८ ला. एरवी सकाळी स्नानं आणि श्राद्धविधी, संध्याकाळी आरती आणि फिरायला आलेली माणसं. नदीत पाणी असतं ते बरंचसं नर्मदेचं. २०१४ पासून नदीजोडणीची योजना झाली, म्हणून. पण हे विषयांतर झालं.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, तेव्हा भाच्याला हा खेळ इंटरनेटवर सापडला. फुकट उतरवून घेता येणारी नियमावली त्यानं छापून आणली, वीस बाजूंचे फासे मागवले, आणि मित्रांना विचारलं. एकानेही दाद दिली नाही. उरली ती धाकटी बहीण, तेव्हा नऊ वर्षांची. मग एक सूत्रधार आणि एक खेळाडू असा त्यांचा खेळ दोन वर्षं चालला. मी फोन केला की मला पाहुण्या कलाकारासारखं आत ओढायचे. "मामा, तू दरोडेखोर हो." मी व्हायचो. पुढे मीही ती नियमावली वाचून काढली. सरकारी कचेरीत वीस वर्षं काढल्यावर माणसाला नियमावली वाचायची खोड लागते. कलम, उपकलम, अपवाद, अपवादाला अपवाद. ही नियमावली तर आमच्या सेवानियमांपेक्षा बरीच वाचनीय निघाली.

२०२२ च्या नोव्हेंबरात भावोजी गेले. हृदयविकाराचा झटका, इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटपलेलं. सत्तेचाळीस वर्षांचे होते. मी मुंबईमार्गे इंदूर आणि तिथून गाडीने पंचावन्न किलोमीटर असा दुसऱ्या दिवशी पोचलो. भाच्यानं अग्नी दिला होता. पंधरा वर्षांचा मुलगा, डोकं भादरलेलं, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होता. त्याच्याशी काय बोलावं मला सुचलं नाही. घरभर माणसं, आणि प्रत्येकजण त्याला एकच वाक्य सांगत होता की आता आईचं आणि बहिणीचं तूच बघायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण म्हणाली, "दादा, पोरांना जरा बाहेर ने. दिवसभर माणसं बघून गुदमरलीयेत." घाट चालत दहा मिनिटांवर. निघताना भाचीने पिशवी घेतली आणि तिच्या आजीने ती उघडून बघितली. आत वही, पेन्सिल आणि फासे. आजी म्हणाल्या, "फासे नकोत. सुतक आहे घरात." त्या कडक बाई नव्हेत, पण फासे म्हटले की त्यांच्यापुढे द्यूतच उभं राहणार. त्यावर वाद घालायची ती वेळ नव्हती. भाचीने फासे काढून ठेवले, वहीचं एक पान फाडलं, त्याचे वीस तुकडे केले, एक ते वीस आकडे घातले, घड्या केल्या आणि चिठ्ठ्या एका रिकाम्या बटव्यात टाकल्या. "हे चालेल?" आजी काही बोलल्या नाहीत.

ह्या चिठ्ठ्यांनी खेळ बदलला, म्हणून थोडं सांगतो. फाशाला स्मृती नसते. वीस वेळा टाकला तरी वीसचा आकडा एकदाही न पडण्याची शक्यता शंभरात छत्तीसच्या आसपास असते. चिठ्ठी काढून परत बटव्यात टाकली तर तेच गणित. पण भाचीने नियम केला की काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. वीसच्या वीस संपल्या की मगच पुन्हा सगळ्या आत. म्हणजे वाईट आकडा एकदा येऊन गेला की ह्या फेरीपुरता गेला. नशिबाचा हिशेब ठेवता येतो. पाच-सहा खेळाडूंत हे जमलं नसतं, हिशेबावरून भांडणंच झाली असती. दोघांत छान जमलं. ती वहीत आकडे खोडत जायची.

तर रामघाटाच्या पायऱ्या, समोर पाणी, पलीकडच्या काठावरून कार्तिक मेळ्याच्या कर्ण्याचे आवाज. पोरांना मेळ्यात जायची सोय नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, ह्या वेळी तू खेळव. मला सूत्रधार व्हायचं नाहीये. मला नुसतं खेळायचंय." दिवसभर सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर जे ठेवलं होतं ते बघता मला हे लगेच पटलं.

दोघांना घेऊन हा खेळ खेळवणं हे वेगळंच काम आहे. नियमावली तीन ते पाच खेळाडू धरून चालते. तिघांहून कमी असले तर तेच शत्रू जास्त जड समजा, असं तिच्यात लिहिलेलं आहे. आणि ते खरं आहे. सहा चोर आले तर सहा वेळा वार करणार, तुम्ही दोनदा. चोर किती बळकट ह्यापेक्षा ते किती आहेत हे महत्त्वाचं. म्हणून चोर दोनच आणायचे. दुसरं म्हणजे, चौघांतला एक बेशुद्ध पडला तर तिघे उरतात, दोघांतला एक पडला तर अर्धी फौज गेली. म्हणून हरल्यावर मरण न आणता दुसरं काही आणावं. पकडले जाणं, लुटलं जाणं, कुणाच्या उपकारात अडकणं. गोष्टीला ते जास्त मानवतं. तिसरं, सोबतीला एक माणूस द्यावा, जो सूत्रधारानेच बोलावायचा. कंपनीने स्वतः २०१९ मध्ये नवशिक्यांसाठी एक पेटी काढली, तिच्यात एक सूत्रधार आणि एक खेळाडू अशा जोडीसाठी असे सोबती दिले आहेत. आम्ही एक नावाडी घेतला. म्हातारा, क्षिप्रेवरचा, थोडा चिडका, पैशाला चिकट, पाण्यातलं सगळं कळणारा. भाचा चोर होता, भाची देवळातली पुजारीण.

पण खरा फरक ह्यात नाही. पाच जणांत एखादा गप्प बसला तरी चालतं, बाकीचे ओढून नेतात. दोघांत लपायला जागाच नसते. आणि दोघांत बहुमत होत नाही. ही म्हणते देवळात जाऊ, तो म्हणतो नको, झालं एकास एक. मग एकमेकांना पटवावं लागतं. पहिल्याच संध्याकाळी दोघं माझ्याकडे बघून म्हणाली, "नावाडी काय म्हणतो?" मी नावाड्याच्या तोंडून सांगितलं की मला होडीचे पैसे मिळाले, मत द्यायचे नाहीत. तो नियम मी शेवटपर्यंत पाळला. दहा मिनिटं वाद झाला, मग ठरलं. घरात तीन दिवसांत त्या दोघांचा एकमेकांशी इतका वेळ संवाद झालेला मी बघितला नव्हता.

तयारी फार करू नये हेही कळलं. पाच जणांना चार तास पुरेल एवढा मजकूर ही दोघं तासाभरात खाऊन टाकतात. मी दुपारी मनाशी जे जुळवायचो ते आरतीच्या घंटा वाजायच्या आत संपलेलं असायचं. मग त्यांनाच विचारायचं. "ह्या वाड्यात कोण राहतं असं वाटतं तुला?" ती सांगेल तो तिथे राहायला लागायचा.

गोष्ट जुन्या अवंतीची, म्हणजे विक्रमाची, आणि तिथे वेताळ न येता कसा राहील? उज्जैनच्या पोरांचा वेताळ मालिकेतला आणि मासिकातला, झाडाला लोंबकळणारा. मी त्यांना आपला सांगितला. माझं आजोळ आमोण्याचं. आमच्याकडे बेताळ म्हणजे गावचा राखणदार, देव. आमोण्याला आहे, लोलयेला आहे, बेतालभाटी गावाच्या तर नावातच आहे. रात्री गावाभोवती फेरी मारतो, चपला झिजतात, म्हणून त्याला चपला वाहतात. सीमेपलीकडे आरवलीच्या वेतोबापुढे केवढाले जोड ठेवलेले असतात ते मी हातांनी करून दाखवलं. भाचीला हे फार आवडलं. तिच्या गोष्टीतला वेताळ त्या क्षणापासून चपला घालायला लागला. भाच्याला मी दुसरी एक गोष्ट सांगितली. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकात, वेताळाला खांद्यावर घेणारा राजा उज्जैनचा नाहीच. तो त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. उज्जैनचा विक्रमादित्य नंतर त्या जागी बसला. भाचा म्हणाला, "हे इथे मोठ्याने बोलू नको मामा." बऱ्याच दिवसांनी हसला.

वेताळाचा तो खेळ मुळात दोघांचाच आहे, नाही का? एक सांगणारा, एक ऐकणारा. गोष्टीच्या शेवटी प्रश्न. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होणार, आणि बोललास तर प्रेत परत झाडावर. राजा बोलतो, दर वेळी, आणि परत झाडाकडे जातो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला खरोखरच येत नाही. बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी, तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? तिथे तो गप्प राहतो, आणि त्यानेच सुटतो.

सातव्या संध्याकाळी नावाडी मेला.

मी मारायचं ठरवलं नव्हतं. एका किल्ल्याच्या तटाखालून पाणी वाहत होतं, रात्री त्यातून आत शिरायचं होतं. नावाडी म्हणाला, आधी मी एकटा जाऊन पाण्याचा अंदाज घेतो. त्या डोहात मगर होती. होडी उलटली. पुजारीण दोर टाकणार, दहा किंवा वर आकडा हवा. बटव्यात तीनच चिठ्ठ्या उरल्या होत्या, आणि वहीत बघून तिघांनाही माहीत होतं त्या कुठल्या. एक, चार आणि एकोणीस. भाचा म्हणाला, "मी काढतो." ती म्हणाली, "दोर माझा आहे." तिने काढली. चार.

फासा असता तर मी तो हाताआड टाकून काहीतरी जमवलं असतं. बरेच सूत्रधार तसं करतात आणि मला त्यात गैर वाटत नाही. चिठ्ठी तिच्या हातात उघडी होती.

परतताना कुणी बोललं नाही. रात्री जेवणं झाल्यावर भाचा नियमावलीचे कागद घेऊन माझ्याकडे आला. मेलेल्याला उठवण्याचे मंत्र ह्या खेळात आहेत, आणि ते पायरीपायरीने आहेत. मरून एक मिनिटही झालं नसेल तर एक. दहा दिवस झाले नसतील तर दुसरा, त्याला पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. शंभर वर्षांपर्यंत तिसरा, दोनशे वर्षांपर्यंत चौथा, हिरे वाढत जातात. भाच्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं. "मामा, दहा दिवस आहेत आपल्याकडे."

तो आकडा वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. विस्कॉन्सिनच्या लोकांना दशक्रियेची काही माहिती असण्याचं कारण नाही. दहाच का लिहिले कोण जाणे. पण घरात त्या दिवशी सातवा दिवस होता.

आठवी आणि नववी संध्याकाळ हिऱ्यामागे गेली. खेळातले दिवस आणि घरातले दिवस वेगळे होते, भाची वहीत दोन्ही मांडत होती. हिरा चोरायचा की उसना आणायचा ह्यावर दोघांचं भांडण झालं, आणि चोराचं सोंग घेतलेला भाचाच म्हणाला, "चोरीच्या हिऱ्याने नाही उठवायचं त्याला." अवंतीच्या एका सावकाराकडून जबर व्याजाने हिरा आणला. मंत्र म्हणायला मोठा पुजारी मिळाला. दहाव्याच्या दिवशी संध्याकाळी खेळातला नववा दिवस होता.

सकाळी त्याच रामघाटावर दशक्रिया झाली. आम्ही संध्याकाळी बसायचो तिथून पंचवीस-तीस पायऱ्या अलीकडे. पिंड ठेवला, आणि कावळा येईना. ज्यांनी हे बघितलंय त्यांना ती शांतता माहीत आहे. कावळे समोरच्या छपरावर होते. आजींनी हात जोडून सांगितलं की पोरांची शिक्षणं होतील, काळजी करू नको. बहीण काहीतरी पुटपुटली. कावळे हलले नाहीत. मग भाचा पुढे झाला, वाकला आणि अगदी हळू काही बोलला. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. थोड्या वेळाने एक कावळा उतरला.

संध्याकाळी दोघं जायला तयार होती. मलाच वाटलं होतं आज नको, पण भाची पिशवी घेऊन दारात उभी.

मंत्राआधी तिने दुसरा एक मंत्र मागितला. मेलेल्याशी बोलण्याचा. तोही नियमात आहे. पाच प्रश्न विचारता येतात. प्रेत उत्तरं देतं, थोडक्यात, आणि जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच त्याला ठाऊक असतं. आत्मा परत येत नाही. मोठ्या पुजाऱ्याने तो मंत्र म्हटला, आणि मी नावाडी झालो.

भाचीने विचारलं, "दुखलं का?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

"माझ्यावर रागावलायस का? चार आला म्हणून?"

"नाही. पाणी जोरात होतं. तुझा दोर मला दिसला होता."

"होडी कुणाला द्यायची?"

"जो रोज तिच्यातलं पाणी उपसेल त्याला."

भाच्याने एकच विचारला. "तू एकटा पुढे का गेलास? आम्हाला का नाही सांगितलंस?"

ह्याला मी वेळ घेतला. "सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. रोज जातो तसाच गेलो. परत येणार होतो."

पाचवा प्रश्न त्याने विचारला नाही. नियमाचा कागद पुढे केला. त्या उठवण्याच्या मंत्रात एक अट आहे आणि ती त्याने कधीची वाचून ठेवलेली होती. आत्म्याची परत यायची इच्छा हवी. नुसता हिरा पुरत नाही. "हे प्रेताला विचारून उपयोग नाही," तो म्हणाला. "त्याला जिवंतपणीचंच माहीत असतं. हे तूच सांगायचं. तयार आहे का तो?"

पाच जण असते तर कुणीतरी विनोद केला असता. कुणीतरी म्हटलं असतं, माझी पाळी कधीची राहिलीय. इथे ती दोघं, आणि मी. होय म्हणायला काय जात होतं? खेळच आहे. नियमात बसत होतं, हिरा आणलेला होता, पोरांनी तीन संध्याकाळ कष्ट केले होते. पण आठवडाभर त्या म्हाताऱ्याच्या तोंडाने मीच बोललो होतो, आणि तो काय म्हणाला असता हे मला ठाऊक होतं. सकाळी त्या पायऱ्यांवर जे झालं ते करून आलेल्या मुलाला संध्याकाळी मी 'होय' सांगितलं असतं, तर त्याने ते ऐकून घेतलं असतं आणि मनात मला खोटा ठरवलं असतं. पंधराव्या वर्षी हे सगळं कळतं.

"नाही," मी म्हटलं. "तो येणार नाही."

"तुला काय माहीत?"

"माझा नावाडी होता तो."

तो उठला. बटव्याला पाय लागला, चिठ्ठ्या पायऱ्यांवर पसरल्या. तो खाली पाण्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. वर आरती सुरू झाली होती, मोठ्या दिव्यांचा उजेड पाण्यावर हलत होता. भाचीने एकेक चिठ्ठी गोळा केली, मोजली, पुन्हा मोजली. एकोणीस होत्या. एक पाण्यात गेली असावी. मी काही समजूत घालायला गेलो नाही. तिने मला हळूच विचारलं, "मामा, खरंच नाही येणार?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

आरती संपली, माणसं पांगली. पलीकडे मेळ्यातला पाळणा फिरत होता. भाचा वर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. बसला, वही ओढून घेतली आणि म्हणाला, "मग हिरा उद्याच परत करू. व्याज तरी वाचेल." बहीण म्हणाली, "आणि होडी?" त्यावर दोघांचा वाद सुरू झाला. पाणी उपसायची पाळी आठवड्यातून किती दिवस कुणाची, ह्यावर. मी ऐकत बसलो. सूत्रधाराला तेव्हा काहीच काम नव्हतं.

गहाळ झालेली चिठ्ठी चौदाची होती. भाचीने नवी केली नाही.

तेरावं झालं, मी निघालो. त्यानंतर वर्षभर रविवारी रात्री फोनवर आमचा खेळ चालला. ती बटवा कॅमेऱ्यासमोर धरायची. माझी रजा-बदलीची भानगड, त्याची बोर्डाची परीक्षा, असं करत तो विरळ झाला. आता भाचा इंदूरला इंजिनियरिंगला आहे. वसतिगृहात त्याला अखेर खेळाडू मिळाले, एकदम पाच. मध्ये त्याचा फोन आला, वैतागलेला. "मामा, पाच जण म्हणजे नुसता बाजार आहे. एकजण मोबाईल बघतो, दोघं आपसात बोलतात, मी प्रश्न विचारला की पाच उत्तरं येतात. तू कसं सांभाळलं असतंस?" मी कधी पाच जणांना खेळवलेलंच नाही. तसं त्याला सांगितलं.

भाची घरी आपल्या आईला खेळवते. एकच खेळाडू. बहिणीच्या पात्राची नदीकाठी खाणावळ आहे, आणि भाचीची तक्रार अशी की आई साहसावर जायला साफ नकार देते. राजाचे दूत येतात, दरोडेखोर येतात, एकदा तर वेताळ स्वतः चपला काढून आत आला. ती सगळ्यांना पाट मांडून जेवायला वाढते, आणि कुठून आलात, घरी कोण कोण असतं, विचारत बसते. दोन तास जातात.